खोली तीनशे बारा, तक्रार : आवाज

रात्री सव्वादोनला रिसेप्शनचा फोन :
तीनशे बारा, बाथरूममध्ये काहीतरी गुणगुणतंय.
पिशवी घेतली. लिफ्ट बंद होती.
बॅलार्ड इस्टेटच्या या जुन्या जिन्याच्या एकोणसाठ पायऱ्या
माझ्या गुडघ्यांना पाठ आहेत.

दार उघडलं हुक्केरीकरांनी. बेळगावचे. पेट्या जुळवतात.
बनियनवर होते, ओठांवर बोट ठेवून मला आत नेलं,
जणू आत कुणाचं तान्हं निजलंय.
आरशाशेजारी ती पांढरी चौकट,
वर दाढीच्या यंत्राचं चित्र.
"ऐका," म्हणाले. "पांढरी पाच आणि काळी चार,
त्यांच्या मधल्या फटीत बसलाय.
नुसता गोंगाट असता तर झोपलो असतो हो."

मी मान डोलावली.
मला काहीच ऐकू येत नव्हतं.

कुर्ल्याच्या सबस्टेशनात एकवीस वर्षं,
घराएवढ्या ट्रान्सफॉर्मरांच्या पायाशी डबा खाल्लाय.
हा सूर कानांनी इतका घेतला
की आता तो त्यांना लागतच नाही.
कुणाला सांगितलेलं नाही. हॉटेलात तर नाहीच.

म्हणून माझी रीत वेगळी :
स्क्रूड्रायव्हरचं टोक चौकटीवर,
मूठ जबड्याच्या हाडावर, कानाच्या जरा खाली.
आला. दातांतून आला.
सेकंदाला शंभरदा, लोखंडाचे पातळ पत्रे
एकमेकांना ढोसत होते
एका पांघरुणातल्या भावंडांसारखे.

मेन पाडला. अंधार.
"हां," हुक्केरीकर म्हणाले. "हे. हे बघा."
काय ते मला दिसलं नाही, ऐकूही आलं नाही.
त्यांचा श्वास तेवढा लांब झाला.

टॉर्च त्यांनी धरला.
कुणीतरी स्क्रू असे पिळले होते
की भिंतीची टाइल तंबोऱ्याचा भोपळा झाली होती.
चौकट सोडवली. गाभ्याचा बोल्ट पाऊण आटा आवळला.
पत्र्यांच्या कडेला वार्निश, थेंब थेंब, मुरेल तसं.
सायकलच्या जुन्या ट्यूबचे चार वायसर कापून मागे घातले,
भिंतीला लोखंडाची भाषा कळू नये म्हणून.

वार्निश वाळेपर्यंत दोघं टबाच्या काठावर.
"यावर दाढी कोण करतं?"
"मी आल्यापासून तरी कुणी नाही."
"मग हा रात्रभर जागा कशाला?"
"जोडलेला आहे म्हणून."
ते हसले नाहीत. मीही विनोद केला नव्हता.

मग स्क्रू. हाताला पुरे वाटलं तिथे थांबलो.
मेन चढवला.
त्यांनी डोळे मिटले, पंजा टाइलवर ठेवला.
"गेला?"
"जवळजवळ. दोन घरं पलीकडे कुणी
पेटीवरची धूळ पुसतंय, एवढाच. राहू दे तेवढा."

दार लावता लावता म्हणाले,
"तुमचा खालचा गेलाय ना? माझा वरचा.
चार वर्षं झाली, कुकरची शिट्टी
सून येऊन सांगते."

मी बोललो नाही. खिशात ट्यूबचा उरलेला तुकडा
बोटांत चुरत राहिलो.

खाली येऊन रजिस्टर उघडलं.
रकान्यात "बंद" लिहायला घेतलं होतं,
ब वरच थांबलो, खोडलं,
आणि लिहिलं : कमी केला.
वेळ तीन पन्नास. खाली सही, मसुरकर.
पंख्याखाली बसून शाई वाळू दिली.
पंखा आवाज करत असावा.