वजनकाटा

द्राक्षांच्या क्रेटचा काटा आणलाय पिंपळगावहून.
त्यावर माणसं तोलतो मी,
नाशिकबाहेर, दिंडोरीकडच्या माळावर,
शिबिराचे तिन्ही दिवस.
दुमजली पंखांचं म्हातारं विमान,
कापड, लाकूड, तारा;
त्याच्याशी किलोत खोटं बोलून चालत नाही.

लोक मात्र बोलतात.
बूट काढतात, श्वास रोखतात,
खिशातली चिल्लर माझ्या हातावर ठेवतात.
ब्याण्णव किलोचे गायधनी वकील म्हणाले,
पंच्याऐंशी लिहा हो.

चंद्रभागा निमसे. चौपन्न.
नवऱ्यानं ओझरच्या कारखान्यात
तीस वर्षं रिवेट ठोकले,
ह्यांनी डबे भरले.
“ते बसले का कधी विमानात?”
“बसवायचं काम होतं त्यांचं. बसायचं नव्हतं.”

पदर खोचला, कातडी टोपी, चष्मा.
चपला खाली काढून ठेवल्या,
देवळाच्या पायरीशी ठेवाव्या तशा.
इस्माईलनं पंख्याला हात दिला;
तिसऱ्या झटक्याला इंजिन खोकलं,
मुरूम उडाला,
आणि माळ एकदम रिकामा.

रामशेजवर ठिपका.
मग धरणाच्या अंगाला नुसता आवाज.
मग तोही नाही.

बारा मिनिटांनी उतरल्या.
गालांवर चष्म्याचे वळ,
टोपीतून सुटलेले केस वाऱ्यानं पिंजलेले.
काय दिसलं, विचारलं कुणी तर बोलल्या नाहीत.
अनवाणीच आल्या, तडक काट्यावर चढल्या.

काटा थरथरला. थांबला.
चौपन्न.

वाकून पाहिलं त्यांनी, मग माझ्याकडे.
“दुरुस्त करून घे रे हा,” म्हणाल्या.