तक्ता क्रमांक चौदा

आत्या जहाजं बांधायची नाही, गिरवायची.
फाइफच्या किनाऱ्यावर, गोदीच्या वरच्या मजल्यावर,
उंच स्टुलांवर सतरा मुली,
पुरुषांनी पेन्सिलीनं आखलेलं
खळ दिलेल्या तलम कापडावर शाईनं उतरवून घेत.
हात घामेजला की रेघ फिसकटे,
म्हणून बोटांना खडूची पूड.
युफेमिया पर्डी, वय एकोणीस,
पगार सांगण्यासारखा नाही.

बेचाळीसच्या नोव्हेंबरात तिच्यापुढं आलं
एक गव्हाचं जहाज, साधं, ढेरपोटं,
आणि त्याच्या डोक्यावर कुणी ठेवून दिलेला
चारशे फुटांचा पाट.
"धुराडं विसरलात," ती म्हणाली.
मिस्टर ऑख्टरलोनी चष्मा पुसत राहिले.
"धूर कुशीतून काढायचा, पोरी.
वर विमानं उतरणार आहेत."
तिनं रेघ कुशीकडं वळवली.
पोटात आठ हजार टन गहू,
तोही नळ्यांनी ओतायचा, कारण झाकणं सगळी छपराखाली गेलेली.
माथ्यावर चार विमानं, तारेनं ताणलेली, कापडी पंखांची.
वेग अकरा नॉट.
आमच्या गावचा पाववाला उतारावर याहून जोरात सायकल हाणायचा.

नाव ठेवलं 'ग्लेन ओरिन'.
नौदलाचे लोक दाढी करत, व्यापारी खलाशी करत नसत;
जेवणाच्या टेबलावर एवढंच भांडण.
हॅलिफॅक्स ते क्लाइड, क्लाइड ते हॅलिफॅक्स.
बुडवलेल्या पाणबुड्या : शून्य.
ताफ्यातली बुडालेली जहाजं : शून्य.
रोजनिशीत पानामागून पान
'नोंद घेण्यासारखे काही नाही'.
काही न घडण्यासाठी एवढं लोखंड लागतं
हे आत्याला कुणी सांगितलं नव्हतं.

चव्वेचाळीसच्या मार्चमध्ये मात्र
ट्रेमेन, ऑर्ड आणि तारवाला टिपेट
दुपारी तीनला उडाले, आणि मागून बर्फ आलं.
साडेपाचला आवाज ऐकू आला, ढगात, उजवीकडं.
मग डावीकडं.
कॅप्टन मॅकआस्किलनं डेकवरचे दिवे लावायला सांगितले.
सगळे.
भोवती अडतीस जहाजं अंधार पांघरून चाललेली,
आणि मध्ये हे एकटंच, लग्नघरासारखं उजळलेलं.
अकरा मिनिटं.
मग त्यानं स्वतः जाऊन कळ खाली ओढली
आणि नंतर कुणाशी त्याबद्दल बोलला नाही.
आवाज अजून थोडा वेळ येत होता.

तो गहू ग्लासगोत उतरला. दळला गेला.
रेशनचा करडा पाव झाला.
आत्यानंही खाल्ला असणार, उभ्या उभ्या,
दुसऱ्या कुठल्या जहाजाचा तक्ता सुकेपर्यंत.

युद्ध संपलं, तसा माथ्यावरचा पाट कापून काढला,
धुराडं परत जागेवर आलं.
ग्रीक मालक, नवं नाव, तोच गहू.
एकोणसाठ साली हाँगकाँगला भंगारात.
तोडणाऱ्यांना म्हणे सांध्यासांध्यांत
अंकुर फुटून वाळलेले दाणे सापडले.
हे मला टिपेटच्या धाकट्या भावानं सांगितलं;
त्याला कुणी सांगितलं, ते त्यालाही आठवत नव्हतं.

तक्ता क्रमांक चौदावर आत्याच्या हातून शाई सांडली होती.
तक्ता बाद झाला. बाद तक्ते जाळायचा हुकूम होता.
तिनं तो पोटाशी गुंडाळून घरी आणला,
दोन रात्री सोड्यात उकळला,
खळ निघाली, कापड सायीसारखं मऊ झालं.
कापड मिळत नव्हतं त्या दिवसांत.
त्याचं टोपडं शिवलं, मी जन्मल्यावर.

अजून आहे माझ्याकडं.
कानाजवळ एक फिकट रेघ राहिली आहे, उकळूनही न गेलेली,
सरळ, आणि शेवटाला किंचित खाली वळलेली.
डेकची कड असेल.
की धूर बाहेर काढायची ती वाट?
आत्याला विचारलं होतं एकदा.
तिनं टोपडं खिडकीशी धरलं, बराच वेळ,
आणि म्हणाली, हात चांगला होता माझा तेव्हा.