एक कार्ड, चौघं

वाचनालयाचं कार्ड एकच, अंबादास येमुलच्या नावावर,
आणि वाचणारे आम्ही चौघं.
पुस्तकाची मुदत चौदा दिवस,
म्हणजे माणशी साडेतीन.
त्यातल्या अर्ध्या दिवसावरून
दर वेळी वाद.

शनिवारी रात्री नऊनंतर
साखर पेठेत, बंद शटरच्या पायरीवर बसतो.
पायरीत दुपारचं ऊन अजून धगधगत असतं.
मी पॅकिंग खात्यात. डाग पडलेले दोन टॉवेल
बुडाखाली घ्यायला आणतो.
गुरुशांत कागदात शेंगाचटणी आणतो,
आणि पुस्तकाला तेलाचं बोट लागू नये म्हणून
आपा सगळ्यांचे हात तपासतात.

या खेपेला निळ्या कव्हरची कादंबरी होती.
पहिला नंबर माझा.
दोनदा डोळ्यांत पाणी आलं, ते सांगितलं नाही.
म्हणालो, "शेवट बरा जमलाय."

"शेवट?" शमशाद आपांनी चष्मा काढला.
"शेवट तर नव्वदाव्या पानावरच झाला.
पुढचं सगळं मय्यतीनंतरचं जेवण."
तीस वर्षं उर्दू शाळेत पेपर तपासलेत त्यांनी,
अर्धा मार्कही फुकट सुटत नाही.

गुरुशांत मेडिकलवाला. काउंटरवर वाचतो,
एका परिच्छेदात तीन गिऱ्हाइकं.
त्याला कुठल्याच पुस्तकात
सलग दुःख सापडत नाही.
"साधी ॲसिडिटी होती ओ त्याला," म्हणाला,
"रात्रभर जागायचं, उपाशी फिरायचं,
वर काळा चहा. लेखक त्याला विरह म्हणलालाय."

हसलो. मग मी जरा चिडलोही.
आवडलेल्या पुस्तकाला कुणी हसलं की
आपल्या घरचं कुणी तरी
चारचौघांत अडखळल्यासारखं होतं.

अंबादास गप्प.
चहा येईपर्यंत तो कधीच बोलत नाही.
चहा आला, अर्धा पिऊन झाला,
मग त्यानं पान एकशेबारा उघडलं.
खुणेला वीतभर पिवळं सूत घातलं होतं.

"हे बघ. कारखान्यात आहेत दोघं.
माग चालू आहे. आणि हा
तिच्या कानाशी कुजबुजलालाय."
"मग?"
"मागाजवळ कुजबूज होत नाही बे.
धोटा ठकाठका मारत असतो,
स्वतःचा खोकला ऐकू येत नाही माणसाला.
लक्ष्मी कांड्या भरायची माझ्या शेजारी.
बावीस वर्षं आम्ही ओठांवरून बोललो.
पगार, पोरांची फी, भांडणसुद्धा.
आता ती गेल्यावर
आवाज आठवायला बसलो की
ओठच हलताना दिसतात."

कुणीच काही बोललं नाही.
चटणीचा कागद वाऱ्यानं सरकला,
गुरुशांतनं त्यावर पाय ठेवला.

बऱ्याच वेळानं आपा म्हणाल्या,
"लेखकाला कळवायला पाहिजे हे. मी पत्र लिहून देते."
"कशाला?" अंबादास म्हणाला. "पुस्तक चांगलं आहे की.
मी दोनदा वाचलं."

त्या आठवड्याचा उरलेला अर्धा दिवस मला मिळाला.
वाद झाला नाही.
रविवारी दुपारी पंख्याखाली
पान एकशेबारा पुन्हा काढलं
आणि आवाज न करता, नुसते ओठ हलवत वाचलं.
बायको भाकरी थापता थापता थांबली.
"काय म्हणलालाव?"
काही नाही म्हणालो.
तेही तिनं ओठांवरूनच ओळखलं असावं,
कारण मिक्सर चालू होता.

मंगळवारी पुस्तक परत केलं.
कारकुनानं पानं झटकली, सूत खाली पडलं.
मी उचलून पुन्हा आत ठेवलं, त्याच पानात.
"हे काय?"
"अभिप्राय."
त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग तारखेकडे.
दोन रुपये दंड. एक दिवस उशीर.
खरं म्हणजे अर्धाच होता,
पण तिथं कोण ऐकतंय.