शटडाऊन, अकरा मिनिटं

रात्री दीड वाजता हिंगणा रोडच्या वळणावर
मी फीडर बंद केला
आणि मोबाइलवर सांगितलं,
हो, गेली. आणा आता.

मागच्या वस्तीत कुलर एकेक करून दमले.
आधी पंखा, मग पंपाची घरघर,
शेवटी वाळ्याच्या ताट्यांतलं ठिबकणं.
एका गच्चीवरून आवाज आला,
"काऊन बे, मे महिन्यात?"
मी टॉर्च स्वतःच्या तोंडावर मारला.
बाई दिसली की शिवी अर्ध्यात अडखळते, इतकंच.

मग ते आलं. मुंगीच्या पावलानं.
पुढे पिवळा दिवा फिरवणारी जीप,
दोन पोरं बांबूनं तारा उचलत होती,
वाळत घातलेलं लुगडं उचलून खालून जावं तशी.
पवनचक्कीचं पातं. तीनातलं एक.
आमच्यासाठी नव्हतं ते.
दूर घाटमाथ्यावर जायचं होतं त्याला,
जिथला वारा म्हणे ड्युटीवर वेळेत येतो.
आमचा नागपूरचा झाडाखाली झोपलेला असतो,
आणि उठलाच
तर लिंबाची फांदी तारेवर टाकून
मला अंथरुणातून काढतो.

वळणावर ट्रेलर अडला. पुढे, मागे, पुन्हा पुढे.
उरकुडाजी बनियनवरच खाली आले.
एकतीस वर्षं कोराडीला, कोळशाच्या पट्ट्यावर.
पात्याच्या कडेकडेनं पावलं मोजत गेले.
सत्तरच्या पुढे कुठेतरी दम लागला, आकडा सुटला.
मग त्यांनी हात ठेवला त्याच्यावर
आणि सवयीनं तळवा उलटून
माझ्या टॉर्चसमोर धरला.

काही नव्हतं. थोडी धूळ, रिंग रोडची.

"एवढं मोठं धूड. खाते काय?"
"वारा."
"अन् नसला त?"
"मग तुमचं कोराडी."
ते हसले की खोकले,
अंधारात कळलं नाही.

एक एकेचाळीस. फीडर चालू.
गच्च्यांवरून एकच ओरडा, "आली!"
आणि जो तो आपापल्या कुलरकडे पळाला.
पात्याचं टोक तेवढ्यात वळण पार करून गेलं,
कुणी बघितलं नाही.

रजिस्टरमध्ये कारणाचा रकाना दोन बोटांचा.
मी लिहिलं, वाहतूक.

मान वर केली तर उरकुडाजी अजून तिथेच,
आता रस्त्यावरच्या दिव्याखाली,
तोच तळवा पुन्हा बघत.