तेरा पूर्ण

भिंतीवरचा कागद मीच लावला, जानेवारीत,
गेल्या वर्षीच्या कॅलेंडरवर, चिकटपट्टीने.
वय तेरा पूर्ण.
शाळेच्या दिवशी दोन तास, आठवड्याला बारा.
रात्री आठनंतर नाही, सकाळी सहाच्या आत नाही.
आईबापाची लेखी संमती.
खाली माझ्या अक्षरात एक ओळ वाढवली:
हातमोजा घातल्याशिवाय सुरीला शिवायचं नाही.
ती ओळ कागदाबरोबर आली नव्हती.
ती माझ्या डाव्या तर्जनीतून आली,
जी दुसऱ्या पेराशीच संपते.

फेब्रुवारीत कॉड आला की आमच्या सन्नवोगला
रंग एकच उरतो, वासही एकच.
बोटी रिकाम्या होतात, डोकी टपांत पडतात,
आणि शाळा सुटली की पोरं येतात,
पिवळे रबरी डगले, बाह्या दोनदा दुमडलेल्या.
उभा खिळा. त्यावर डोकं.
एक काप. जीभ बादलीत.
पुढचं डोकं.

नॉर्वेच्या या टोकाला हे काम पोरांचंच.
मी नवव्या वर्षी लागले.
वय कुणी विचारलं नाही, उंची विचारली:
खिळ्यापर्यंत हात पोचतो का, तोरब्योर्ग?
पोचत होता.
गावातली प्रत्येक पहिली सायकल जिभांवर आलेली आहे,
शाळेच्या मुख्याध्यापकांचीसुद्धा.
ते अजून सांगतात, दरवर्षी, जरा जास्तच वेळ.

वितेनिस मंगळवारी आला.
नवा डगला नाही, आईचा, गुडघ्याखाली लोळणारा.
किती वर्षांचा?
तेरा.
जिभेला हाड नसतं
हे मला कुणी शिकवायला नको,
उभा जन्म जिभा तोलण्यात गेला.
संमतीपत्र त्याने दोन्ही हातांनी पुढे केलं.
सही सुरेख होती. फारच सुरेख.
प्रत्येक अक्षर रेघेवर बसलेलं,
जसं पाचवीत बसवायला लावतात.

दाइवाची सही मला पाठ आहे.
दर महिन्याच्या बाराला ती माझ्यासमोर करते,
रात्रपाळीच्या पगारपत्रकावर,
ओल्या बोटांनी, घाईत, नुसती एक वाकडी रेघ.

पैशाचं काय करणार? मी विचारलं.
सायकल म्हणेल, फोन म्हणेल, असं वाटलं.
म्हणाला, आईची दाढ.
इथे पोरांचे दात फुकट बघतात,
मोठ्यांचे नाही. हे त्याला ठाऊक होतं.
खर्चाचा आकडाही ठाऊक होता,
आणि त्याला किती किलो जिभा लागतात तेही.
भागाकार बरोबर होता.

मला आठवलं, नाताळापासून ती
गालावर हात धरून कामाला येते.
मी समजत होते, थंडी.

त्याला परत पाठवलं.
अकरा म्हणजे अकरा.
नियम चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही,
माझं बोट म्हणू देणार नाही.
तो गेला नाही लगेच. फाटकापाशी उभा राहून
मॅग्नुसच्या पोरीचे काप मोजत होता,
ओठ हलत होते.

आठला मी कापण्याच्या खोलीतला दिवा घालवला.
साडेदहाला रात्रपाळी आली.
दाइवाने टोपी घातली, केस आत खोचले,
हात पुन्हा गालावर.
आला होता का माझा?
आला होता. दोन वर्षांनी पाठव.
ती हसली, तोंडाच्या एकाच बाजूने.

कागद पुन्हा वाचला मी, वरपासून.
तास आहेत, वय आहे, सही आहे,
पोराने काय उचलायचं नाही ते आहे.
पोरगं का येतं याला रकाना नाही.
आणि रात्रीच्या तासाचा दर
त्या कागदावर कसा असेल?
तो माझ्या वहीत असतो,
मीच लिहिलेला,
याच पेनाने.

वही उघडली.
पेनाचं टोपण काढलं.
बाहेर बर्फ कापणारं यंत्र गेलं, पिवळा दिवा फिरवत,
भिंतीवरून, कागदावरून, माझ्या हातावरून.
टोपण अजून दातांत आहे.