रेस सुटत नाही

दादा म्हणतात, पेडल अडकतं.
परवा पलासियाच्या सिग्नलला पाय काढला
तरी फियाट गुरगुरत सरकली
आणि पुढच्या स्कूटीच्या नंबरप्लेटला नाक लावून थांबली.
पोरगा वळून म्हणाला, "देख के, बाबूजी."
दादांना धक्क्यापेक्षा ते बाबूजी लागलं.

छावणीतला बब्बू मिस्त्री फोनवरच निकाल देतो,
कारबोरेटर बदल दो दीदी, पुराना माल है.
मी बदलत नाही.
जे हलतं ते आधी बघ, मग जे हलत नाही ते –
हे दादांचंच, मिलमध्ये वीव्हिंग मास्तर होते तेव्हाचं.

तर रविवारी, सकाळी सातपासून:
स्प्रिंग ताणून पाहिली. ठीक.
रॉडच्या टोकांचे गोळे रॉकेलमध्ये धुतले,
एका वाटीत केसभर ढिलाई,
पण ती माझ्या दहावीपासूनची आहे.
कार्बोरेटरची पाकळी बोटाने उघडून सोडली. टक्.
पुन्हा. टक्.
इंजिनाखालचं रबर बसलंय, रॉड जरा तिरपा जातो,
घासत मात्र कुठेच नाही.
चटईची कड पेडलखाली शिरत होती,
ब्लेडने कापून टाकली. वाटलं, सापडलं.

दादा आत बसले. मी बॉनेटखाली.
"दाबा."
रॉड गेला.
"सोडा."
"सोडला."
रॉड तिथेच.

"सोडलात ना?"
"सोडला म्हटलं ना, कधीचा!"

काळ्या हातांनीच दाराशी आले,
गुडघ्यावर बसून टॉर्च आत धरला.
चपलेतला उजवा पाय.
अंगठ्यावर मागच्या महिन्यातला फोड,
गीझरचं पाणी पडलं होतं, यांना कळलंच नव्हतं,
मीच संध्याकाळी पाहिला.
तो पाय पेडलवर. पुरता. निवांत.
आणि वर दादा, दोन्ही हात स्टिअरिंगवर,
समोरच्या भिंतीकडे असे बघतायत
जणू आत्ता महूचा रस्ता उघडेल.

टॉर्च विझवला.
परत गेले, स्प्रिंग काढली.
"हिचाच दम गेलाय," मी म्हटलं,
"सियागंजात मिळते का बघते. लागतील काही दिवस."

ते उतरले. दार धरून,
आधी डोळ्यांनी जमीन पाहून, मग पाय.
हात पुढे केला. "बघू."

चाळीस वर्षं धाग्यांचा ताण ओळखणारी बोटं.
त्यांनी स्प्रिंग ओढली.
सोडली.
ती जागच्या जागी आली, झणकन.
पुन्हा एकदा ओढली.

"हं," दादा म्हणाले,
स्प्रिंग सदऱ्याच्या खिशात टाकत,
"गेलीये खरी."