कोरडी जागा

रिव्हर्टनला जुलैत दंव पडतं ते मिठासारखं,
काचेवरून खरवडून काढावं लागतं.
तसल्या सकाळी एल्सा मॅककॅस्किल गाडी घेऊन आली.
मॉरिस मायनर, सत्तावन्न सालची,
मटाराच्या सालीचा रंग, तोही उन्हाने विटलेला.
"चालू होते," ती म्हणाली,
"पण विचार करून."

म्हटलं, ओढा.
तिने डॅशबोर्डची खुंटी ओढली.
आधी नुसतं घर्रर्र, मोकळं,
चेन पडलेल्या सायकलचं पायडल फिरावं तसं.
मग खट्.
मग इंजिन.
मधे दोन सेकंद. थंडीत तीन.

माझा उजवा कान गेलाय,
चाळीस वर्षांत लेथने खाल्ला.
म्हणून लांब स्क्रूड्रायव्हर घेतला,
टोक स्टार्टरवर, मूठ डाव्या कानामागच्या हाडावर.
"पुन्हा."
हेडलाइट लावून पाहिले.
घरघर चालू होती तोवर ते जेमतेम मंदावले,
खट् झालं तेव्हा कुठे पिवळे पडले.
म्हणजे बॅटरीला बोल लावायला नको,
अर्थिंगच्या पट्टीलाही नको.
मोटर फिरतेय बिचारी,
धरायला कुणी सापडत नाही एवढंच.

दोन बोल्ट असतात.
वरचा हाताला लागतो,
खालचा शिव्या खातो.
आज दोन्ही लोण्यासारखे सुटले,
आणि तिथेच मला शंका आली.
इतक्या जुन्या गाडीचा खालचा बोल्ट
कुणी वरचेवर उघडत असल्याशिवाय
असा गुणी होत नाही.

आट्यांच्या दांड्यावर एक लहान दातेरी चाक असतं.
मोटर झटक्यात फिरते, ते जागच्या जागी मागे राहतं
आणि मागे राहता राहता आट्यांवरून सरकत
फ्लायव्हीलला जाऊन भिडतं.
त्याचं सगळं कसब मागे राहण्यात.
इथे ते काळ्या लगद्यात बसलं होतं,
ग्रीस, क्लचची धूळ, पुन्हा ग्रीस,
जुन्या लोणच्याच्या बरणीच्या तळासारखं.

"वंगण कोण घालतं इथे?"

"मी. आधी वॉटी घालायचा,
दर मे महिन्यात, थंडी पडायच्या आत.
तो गेल्यापासून मी. नऊ वर्षं झाली.
खडीवर पोतं टाकते, पाठीवर झोपते.
खालचा बोल्ट फार छळतो.
पण हात आखडत नाही हं, भरपूर घालते."

अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई.

डोळ्यांत तेल घालून जपावं म्हणतात.
डोळ्यांत घालावं की मग,
या आट्यांवर नाही.
गाडीत शंभर जागा तेल मागतात,
ही एकच म्हणते, मला कोरडं राहू द्या.

लगेच बोललो नाही.
रॉकेलच्या डब्यात ब्रश बुडवला, घासत राहिलो.
रॉकेल काळं होत गेलं, दुसरं घेतलं, तेही.
फडक्याने पुसलं, हवेवर वाळवलं.
बोटाने चाक ढकललं,
सरकलं, आणि आपलं आपण परत आलं.

ती डब्यात बघत होती.
"वॉटीचं चुकत होतं?"

"सुरुवातीची काही वर्षं कुणाच्या लक्षातही आलं नसतं,"
मी म्हणालो. ते खरंही असेल.
"पुढच्या चाकांपाशी ग्रीसच्या निपला आहेत,
त्या मात्र उपाशी आहेत. मे महिन्यात त्यांना द्या."
तिने अंड्यांच्या खोक्यावर लिहून घेतलं
आणि खोकं, अंड्यांसकट, मलाच दिलं.

स्टार्टर बसवला.
तिने खुंटी ओढली. ओठ हलले, "ए—"
इंजिन कधीच चालू झालेलं.
खुंटी भाजल्यासारखा तिने हात काढला.

"त्या मधल्या वेळात," ती इंजिनच्या वरताण म्हणाली,
"तो म्हणायचा, चल गं म्हातारे.
मग मी म्हणायला लागले.
आता कधी म्हणायचं?"

मी उजवा कान पुढे केला.

ती वळली, खाडीच्या रस्त्याला लागली.
वळून झालं तरी डावीकडचा इशाऱ्याचा दांडा बाहेरच,
पार पुलापर्यंत.
अडकतो तो.
त्याला थेंबभर तेल चालेल.